मणक्याच्या दुखापतीनंतर जिद्द कशी टिकवावी? एका फिजिओथेरपिस्टचे उत्तर

धाराशिव जिल्ह्यातील एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याचे 34 वर्षांचे थोरले भाऊ फाल्गुनात चिंचा झोडताना झाडावरून पडले. पाठीच्या बाराव्या मणक्याला, म्हणजे डी-12 ला, फ्रॅक्चर झाले. शस्त्रक्रिया करून रॉड आणि स्क्रू बसवण्यात आले, परंतु कमरेखालची हालचाल व संवेदना परत आलेली नाही आणि मज्जारज्जूची इजा पूर्ण असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. आता आषाढ सुरू आहे. दादा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. घरचे लोक त्यांना मोबाईलवर सकारात्मक विचारांची भाषणे ऐकवतात, पाहुणे येऊन ‘हिंमत सोडू नको’ असे सांगून जातात, आणि त्यानंतर ते अधिकच चिडतात. ‘दादांची जिद्द कशी टिकवायची, आणि आम्ही आमचा धीर कुठून आणायचा?’ असे त्याने विचारले आहे.

मी गेली 26 वर्षे लातूरमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. झाडावरून, विहिरीत, उसाच्या ट्रॉलीवरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडून मणक्याला इजा झालेले रुग्ण माझ्याकडे सातत्याने येत आले आहेत. त्यामुळे तुमचा प्रश्न मला अनोळखी नाही. तुमच्या दादांच्या चिडण्याबद्दल मला प्रथम हे सांगायचे आहे की त्यात काहीही वावगे नाही. ज्या माणसाला स्वतःच्या लघवीवर ताबा राहिलेला नाही आणि ज्याला कूस बदलण्यासाठी भावाला हाक मारावी लागते, त्याला ‘चांगले विचार कर’ असे सांगणे म्हणजे त्याच्या अडचणीकडे पाठ फिरवून त्याच्या चेहऱ्यावरच्या भावाची काळजी करणे होय. हे त्यांना नेमके कळते, म्हणून ते चिडतात.

हा धडा मला एका रुग्णाने दिला, आणि तो देताना त्याचे फार नुकसान झाले. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत विहिरीत पडून जखमी झालेल्या एका तरुणाला मी, त्याचे डोळे पाहून राहवले नाही म्हणून, ‘हिंमत ठेवा, तुम्ही चालाल’ असे सांगितले. त्याने आणि त्याच्या आईने ते वाक्य जपून ठेवले. पाय येणारच आहेत तर खुर्ची कशाला, अशा विचाराने त्यांनी व्हीलचेअर घेतली नाही. वाट पाहत तो अंथरुणावर पडून राहिला. वर्षभराने तो परत आला तेव्हा माकडहाडावरची जखम हाडापर्यंत गेलेली होती. मधल्या काळात कोणाच्या तरी सांगण्यावरून पायाला गरम विटेचा शेक दिला होता आणि संवेदना नसल्यामुळे पोटरी भाजल्याचे त्याला कळलेही नव्हते. त्याच्याकडे जिद्द भरपूर होती. ती सगळी मी माझ्या एका वाक्याने अशा गोष्टीवर लावून टाकली होती की जी त्याच्या हातात नव्हती. त्या दिवसापासून मी रुग्णाला खोटी आशा दिलेली नाही आणि आशेवाचूनही घरी पाठवलेले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, परंतु त्यासाठी आशा कशावर ठेवायची याची निवड काळजीपूर्वक करावी लागते.

म्हणून आधी वस्तुस्थिती पाहू. मणक्याच्या इजेनंतर मज्जातंतूंमध्ये जी सुधारणा व्हायची असते तिचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होतो. त्यानंतरही वर्ष-दीड वर्षापर्यंत थोडीफार भर पडू शकते, पण वेग मंदावतो. गुदद्वाराभोवती स्पर्श कळतो का आणि तेथील स्नायू आपण होऊन आवळता येतो का, यावरून इजा पूर्ण आहे की अपूर्ण, हे ठरते. ही तपासणी एकदा झालेली असली तरी पुढच्या भेटीत ती पुन्हा करून घ्या, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत मज्जारज्जू बधिर अवस्थेत असतो आणि चित्र नंतर बदललेले असू शकते. ते बदलले नसेल, तर रोजच्या कामासाठी पायांनी चालणे होण्याची शक्यता फार कमी आहे, हे दादांना त्यांच्या डॉक्टरांनी समोर बसून, घाई न करता सांगितले पाहिजे. कॅलिपर, म्हणजे पायांना बांधायचा आधार, आणि वॉकर घेऊन काही पावले टाकता येतात व ती टाकण्याचे फायदेही आहेत, परंतु त्यात इतकी शक्ती खर्च होते की बहुतेक लोक फिरण्यासाठी खुर्चीच पसंत करतात.

आता याच वस्तुस्थितीची दुसरी बाजू पाहा, कारण ती बहुधा तुम्हाला कोणी नीट सांगितलेली नसेल. इजा डी-12 ला आहे, याचा अर्थ दादांचे दोन्ही हात, खांदे, छाती आणि पोटाचे बहुतेक स्नायू पूर्वीइतकेच सशक्त आहेत. या पातळीची इजा असलेला माणूस योग्य प्रशिक्षणानंतर स्वतः कूस बदलतो, उठून बसतो, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर जातो, अंघोळ करतो, कपडे घालतो आणि फेरफार केलेली तीनचाकी गाडी चालवतो. हे अपवादात्मक पराक्रम नाहीत, या पातळीसाठी आम्ही अपेक्षित धरलेली ही सामान्य प्रगती आहे. दादांची जिद्द लावण्याची जागा ही आहे.

मानसशास्त्रातील एक शोध येथे सांगण्यासारखा आहे. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकन संशोधकांनी 1967 मध्ये दाखवले की ज्या कुत्र्यांना विजेचे झटके काहीही करून थांबवता येत नव्हते, ती कुत्री पुढे सुटण्याची वाट मोकळी असतानाही जागची हलत नव्हती. त्यावरून असे मानले गेले की हताशपणा प्राणी शिकतो. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, मेंदूविषयीच्या नव्या माहितीच्या आधारे त्याच दोघांनी हा निष्कर्ष उलटा केला: दीर्घकाळच्या आघातानंतर निपचित पडून राहणे ही मेंदूची मूळ प्रतिक्रियाच आहे, आणि शिकावी लागते ती ‘माझ्या करण्याने काही बदलते’ ही जाणीव. माझ्या खोलीत मी हे रोज पाहते. भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस कमकुवत मनाचा नसतो. आपल्या करण्याने काही बदलते याचा एकही पुरावा त्याला चार महिन्यांत मिळालेला नसतो. भाषण ऐकून असा पुरावा मिळत नाही. तो स्वतःच्या हातांनी, अगदी लहान कामातून मिळवावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळवावा लागतो.

तो कसा मिळतो, हे मला त्वचेपासून सांगावे लागेल. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मणक्याची इजा झालेले बहुतेक रुग्ण अंथरुणातील जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी दगावत. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी फेब्रुवारी 1944 मध्ये स्टोक मँडविल येथे अशा रुग्णांचा विभाग सुरू केला. तेथे त्यांनी जे बदलले त्यात चमत्कार कोणताही नव्हता: दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, रुग्णाची कूस बदलायची, मूत्राशयाची निगा ठेवायची आणि माणसाला कामाला व खेळाला लावायचे. 29 जुलै 1948 रोजी त्यांनी व्हीलचेअरवरील 16 जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली आणि त्यातून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. आपल्या महाराष्ट्रातील मुरलीकांत पेटकर यांना 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंगत्व आले. त्यांनी 1972 मध्ये जर्मनीतील हायडलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. लोक पदकाची गोष्ट सांगतात. माझ्या मते ती गोष्ट रात्री दोन वाजता कूस बदलण्यापासून सुरू होते, कारण ज्याची त्वचा शाबूत नाही त्याला बसताच येत नाही, आणि ज्याला बसता येत नाही त्याचे पुढचे सगळे अडून राहते.

तेव्हा पहिले काम म्हणजे बाज बदला. सुतळीच्या बाजेची झोळी होते, तीत कूस वळत नाही आणि माकडहाडावर सगळा भार येतो. लाकडी पलंग, त्यावर फोमची किंवा हवेची गादी, आणि पलंगाची उंची व्हीलचेअरच्या बैठकीइतकी ठेवा. कूस दोन तासांनी बदलायची. पालथे झोपण्याची सवय हळूहळू, त्वचा पाहत लावली तर रात्री कूस बदलण्याच्या वेळांमधले अंतर वाढवता येते आणि वहिनींना सलग झोप मिळते. घड्याळ आणि वही दादांच्या हाती द्या. कूस बदलण्याची वेळ त्यांनी सांगायची, तुम्ही फक्त मदत करायची. टाचा, नितंब आणि माकडहाड हाताच्या आरशात रोज त्यांनी स्वतः पाहायचे. हा बदल दिसायला लहान आहे, परंतु ‘मला फिरवतात’ आणि ‘मी फिरतो’ यांत जो फरक आहे त्यावर मी कित्येक माणसे पुन्हा उभी राहिलेली पाहिली आहेत, आणि येथे ‘उभी राहिलेली’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरते आहे.

दुसरी गोष्ट लघवीची. कायमची नळी घातलेली असेल तर युरॉलॉजिस्टला विचारून दर चार ते सहा तासांनी स्वतःच्या हाताने नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत शिकून घ्या. ही पद्धत 1972 मध्ये अमेरिकेतील डॉ. लॅपिडीस यांनी रूढ केली. नळी आणि हात स्वच्छ असले म्हणजे पुरते, घरी ऑपरेशन थिएटरसारखे निर्जंतुक वातावरण लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. दादांचे हात चांगले असल्यामुळे ते हे आठवडा-दोन आठवड्यांत शिकू शकतात. पाणी मात्र कमी पिऊ देऊ नका. आपल्या भागात उन्हाळ्यात पाणी जपून वापरण्याची सवय हाडात मुरलेली आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात माझे काही रुग्ण लघवी कमी व्हावी आणि घरचे पाणीही वाचावे म्हणून तहान मारत होते, आणि पुढे संसर्ग व मुतखडे घेऊन आले. दिवसाला साधारण दोन लिटर, ठरावीक वेळांना विभागून, हे गणितही वहीत येऊ द्या. शौचासाठी रोजची एकच वेळ धरा, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे आतड्यांना सवय लागते. लोकांसमोर कपडे खराब होण्याची भीती गेली की माणूस ओट्यावर येऊन बसायला तयार होतो. त्याआधी त्याला ‘बाहेर पड, बरे वाटेल’ असा आग्रह करणे निर्दयपणाचे आहे.

दादांना वेदना होतात का, हे त्यांना स्पष्ट विचारा. संवेदना गेलेल्या भागातही जळजळ, मुंग्या किंवा विजेसारखे झटके जाणवतात. ते खरे असतात आणि त्यांवर औषधे आहेत. ‘पायात जीव नाही तर दुखेल कसे’ असे घरच्यांनी म्हटले की रुग्ण बोलणे सोडून देतो आणि चिडचिड वाढते. वयाच्या चौतिशीत असलेल्या माणसाच्या मनात वैवाहिक आयुष्याचा प्रश्नही असतोच. तो विचारायला त्यांना आणि वहिनींना डॉक्टरांकडे एकांत मिळवून द्या, कारण त्या बाबतीतही पुष्कळ काही करता येते.

घरातल्या स्थानाविषयी मला आग्रहाने बोलायचे आहे. किल्लारीच्या पट्ट्यातील एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात दगडमातीची भिंत अंगावर येऊन त्यांचा मणका मोडला, तेव्हा ते ऐन विशीत होते. आज ते पुनर्वसित गावात खुर्चीवर बसून पिठाची गिरणी चालवतात. नव्या रुग्णांना भेटायला मी त्यांना बोलावते, कारण माझ्या शंभर वाक्यांपेक्षा खुर्चीवरून आलेल्या त्यांच्या एका वाक्याला वजन असते. ते सांगतात की पाय गेल्याचे दुःख वर्षभरात बोथट झाले, पण त्यांच्याच शब्दांत, ‘मला कुणी काय इचारतच नव्हतं’, हे दुःख फार दिवस राहिले. घरात बी कोणते आणायचे, म्हैस विकायची की ठेवायची, बहिणीच्या सोयरिकीचे काय, सगळे त्यांच्या उशाशी ठरे आणि त्यांना वगळून ठरे. लोक हे मायेपोटी करतात. तुम्हीही करत असाल. तुमच्या पत्रात तीन एकर सोयाबीनचा उल्लेख आहे. फवारणी कशाची आणि कधी करायची हे आजपासून दादांना विचारा, मोबाईलवर पानाचा फोटो काढून आणून दाखवा, आणि ते जे सांगतील त्यावर पटले नाही तर पूर्वीसारखा वाद घाला. आजारी माणसाशी कोणी भांडत नाही. तुम्ही भांडलात की त्यांना कळेल की ते अजून तुमचे थोरले भाऊ आहेत.

फवारणीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने सांगते. मणक्याच्या इजेनंतर साधारण पाचांपैकी एका माणसाला उपचारांची गरज असलेले नैराश्य येते. झोप उडणे, जेवण तुटणे, लेकरांकडेही न पाहणे, ‘तुमच्या डोक्यावरचा भार उतरू द्या’ अशी भाषा, यांपैकी काहीही दोन आठवडे टिकले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. हा आजार आहे, त्याला जिद्दीची कमतरता समजू नका. जीव नकोसा झाला आहे का, हे थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही; उलट एकट्याने वाहिलेले ओझे खाली ठेवायला जागा मिळते. कीटकनाशके आणि तणनाशके आजच घराबाहेर, कुलपात, दादांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तेथे मराठीत बोलता येते, आणि तो फोन तुम्ही स्वतःसाठीही करू शकता.

तुमच्या धीराविषयी मी थोडेच लिहिते, कारण त्याचे उत्तर बरेचसे वेळापत्रकातच आहे. रात्रीच्या पाळ्या वहिनींवर एकट्या पडू देऊ नका. शिक्षण सोडण्याचा निर्णय या वर्षी घेऊ नका. पहिल्या वर्षातील सेवेचा ताण पुढे तसाच राहत नाही, दादा जसजसे स्वावलंबी होतील तसतसा तो उतरतो. शर्तीचा इलाज सांगणाऱ्यांना, मग ते तेल असो की महागडे इंजेक्शन, एक पैसा देऊ नका. तो पैसा चांगल्या खुर्चीसाठी, खुर्चीवरच्या गादीसाठी आणि उंबरठ्यावरच्या उतारासाठी लागणार आहे. उतार करताना सहा इंच उंचीला सहा फूट लांबी धरा, म्हणजे त्यांना तो स्वतः चढता येईल.

सरकारी मदतीचे कागद आत्ताच हलवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र काढा. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखीव असते, तिच्यातून काय मिळू शकते हे ग्रामसेवकांना लेखी विचारा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत उंचावरून पडण्याचा समावेश आहे. तो अर्ज अजून केला नसेल तर मुदतीची चौकशी करण्यासाठी उद्याच तालुका कृषी कार्यालय गाठा.

तुम्ही शेवटी लिहिले आहे की दरवर्षी पोळ्याला बैलांचे सगळे साज दादाच करायचे आणि यंदा घरात पोळ्याचे नावही कोणी काढत नाही. पोळ्याला अजून सहा-सात आठवडे आहेत. पाठीला आधार देऊन अर्धा तास बसण्यापासून सुरुवात करा, चक्कर येत नाही आणि त्वचेवर लाली राहत नाही हे पाहून दर दोन दिवसांनी दहा-दहा मिनिटे वाढवा, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन त्यांना बूड उचलायला लावा. दोन तास बसता येऊ लागले की अंबाडीचा वाख, मोरक्या आणि गोंडे त्यांच्यासमोर आणून ठेवा. त्यांचे हात हे काम विसरलेले नाहीत. पुढच्या सोमवारी त्यांना घेऊन या, वही बरोबर असू द्या, आणि ती माझ्यासमोर त्यांना स्वतः वाचू द्या. गिरणीवाल्या गृहस्थांनाही मी त्याच दिवशी बोलावले आहे.